नवा चेन सेट टाकूनही मागून घरघर येते, गिअरबॉक्स खोलावा का?

इतक्यात गिअरबॉक्स खोलू नका. आधी चेन ढिली करून बघा.

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: मोटरसायकलची चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चक्रं) नवीन टाकली, त्यानंतर चाळिसच्या पुढे वेग गेला की मागून घरघर सुरू झाली. मेकॅनिकने चेन आणखी ओढली, तर घरघर वाढली. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळला की 'खट' असा झटका बसतो. आता गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल असं सांगितलंय. बेअरिंग गेलंही असेल. पण चेन ओढल्यावर आवाज वाढला, हा यातला सगळ्यात कामाचा धागा आहे आणि नेमका तोच कुणी धरलेला दिसत नाही.

आवाज आला की चेन घट्ट करायची, ही सवय फार पसरलेली आहे. ढिली चेन फटफटते, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) आपटते. तिला ओढणं बरोबर. घट्ट चेन मात्र फटफटत नाही, ती एकसुरी कण्हते आणि वेग वाढेल तसा सूर चढत जातो. मागचं चाक वर-खाली होतं तसा चेनचा ताण बदलतो. पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्याभोवती हलतो तो सांधा) आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. बहुतेक गाड्या डबल स्टँडवर असताना चाक खाली लोंबतं, म्हणून तिथे चेनला थोडा झोल दिसतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो. तो काढून टाकला की तुम्ही गाडीवर बसल्यावर किंवा चाक खड्ड्यातून वर आल्यावर चेनला द्यायला काही उरतच नाही. सगळा ओढा गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) बेअरिंगवर आणि मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या भागातल्या) बेअरिंगवर जातो. म्हणजे तुमचं बेअरिंग आज धड असलं तरी अशीच चालवत राहिलात तर ते खरोखरच जाईल.

झोल किती हवा हे मॅन्युअलमध्ये किंवा चेनजवळच्या स्टिकरवर दिलेलं असतं. साध्या रस्त्यावरच्या गाड्यांत बहुधा २० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत त्याहून जास्त. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, बोटाने चेन वर-खाली करून मोजायचं. पण एकाच जागी मोजून थांबू नका. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चाक हाताने थोडं थोडं फिरवत दर वेळी बघा. एखाद्या जागी चेन एकदम ताठ होईल. मोजमाप त्या ताठ जागेचं धरायचं. ढिल्या जागेवर माप जुळवलं तर ताठ जागी चेन करकचून आवळली जाते.

ती ताठ जागा सापडली की तिथे टायरवर खडूने आणि चेनच्या एका कडीवर रंगाने खूण करा. आता चाक फिरवत रहा. चाकाच्या प्रत्येक फेरीला त्याच खुणेवर ताठ होत असेल, तर मागचं स्प्रॉकेट केंद्रापासून सरकलेलं आहे: छिद्र नीट पाडलेलं नाही किंवा बसवताना खाली कचरा राहिला. ताठपणा रंगवलेल्या कडीबरोबर फिरत असेल, तर दोष चेनमध्ये. नवीन आहे म्हणून चेन सरळच असेल असं समजू नका.

हीच युक्ती आवाजालाही लागू पडते आणि माझ्या मते ऐकून अंदाज बांधण्यापेक्षा मोजणं कधीही चांगलं. समजा पुढे १५ दात, मागे ४५ आणि चेन १२० कड्यांची. चाक एकदा फिरलं की पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं, आणि चेनची पूर्ण फेरी व्हायला चाकाला अडीचहून थोड्या जास्त फेऱ्या लागतात. चाक हाताने सावकाश फिरवताना टकटक फेरीला एकदा आली तर चाक, मागचं स्प्रॉकेट किंवा ब्रेक डिस्क बघा. तीनदा आली तर पुढचं स्प्रॉकेट. अडीच फेऱ्यांनी एकदा आली तर कुठेतरी एखादी कडी आखडली आहे, ती वाकवून बघितली की लगेच कळते, स्प्रॉकेटवरून सुटताना ती सरळ होत नाही.

चालत्या गाडीत एवढंच करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, जिथे घरघर येते त्या वेगाला, क्लच पूर्ण दाबा आणि इंजिनची रेस खाली येऊ द्या. रेसबरोबर आवाजही खाली आला तर तो इंजिनच्या बाजूचा. गाडी घरंगळत असताना आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबरच उतरला, तर इंजिन त्यात नाही: चेन, चाक, बेअरिंग, ब्रेक, नाहीतर नुसता टायर. जाड नक्षीचा टायर स्वतःच घुमतो आणि त्यापायी लोकांनी बेअरिंग बदललेली आहेत. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट मात्र क्लच दाबला तरी चाकाबरोबर फिरतच राहतो, म्हणून एवढ्यावरून तो सुटला असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता 'खट'. हा आवाज मी घरघरीपासून वेगळा धरतो, कारण बहुधा त्याचा धनी दुसराच असतो. मागचं स्प्रॉकेट सहसा थेट चाकाला जोडलेलं नसतं. बहुतेक गाड्यांत ते एका वेगळ्या कॅरिअरवर असतं आणि कॅरिअर व हब यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात. अ‍ॅक्सिलरेटर पिळताना-सोडताना बसणारा धक्का ते गिळतात. वर्षानुवर्षांनी रबर चेपतं, कडक होतं, मग कॅरिअरचे दांडे रिकाम्या जागेत हलून हबवर आपटतात. तपासायला चाक एका हाताने घट्ट धरा आणि स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा. किंचित दबलं तर ठीक. मोकळं हलून टक्कन आपटत असेल तर रबर संपलं. ट्यूबचे तुकडे कापून फटीत भरायचा जुगाड चालतो, पण तो थोडे दिवसच. नवीन रबर बसवणं हेच योग्य. चेन सेट बदलताना चाक उतरवलेलंच असतं, तेव्हाच हे बघायला हवं होतं. बऱ्याच ठिकाणी बघत नाहीत.

त्याच वेळी स्प्रॉकेट वरच्या आणि खालच्या टोकाला धरून आत-बाहेर हलवा. बऱ्याच गाड्यांत कॅरिअरचं स्वतःचं वेगळं बेअरिंग असतं. ते गेलं की स्प्रॉकेट डुगडुगतं आणि चेन सरळ चालत नाही. मग चाक तसंच धरून हलवा. चाक उतरवल्यावर बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवा. खरखर किंवा आटे पडल्यासारखं लागलं तर ते टाकायचं. चाक बसवताना डावा-उजवा स्पेसर (एक्सलवरची अंतर राखणारी नळी) उलटा गेला की चाक एका बाजूला सरकतं, मग कितीही चेन जुळवा, ती स्प्रॉकेटच्या एका अंगाला घासतच राहते.

पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण उघडलंय का कुणी? माझ्या ओळखीतल्या एका गाडीला नवीन सेटनंतर अशीच घरघर लागली होती. सगळं जुळवून झालं, आवाज तसाच. शेवटी जुनं आणि नवं स्प्रॉकेट शेजारी ठेवलं. दात सारखे, जाडी सारखी, पण जुन्याच्या दोन्ही अंगांना काळ्या रबराचं कडं चिकटवलेलं होतं. चेनच्या पट्ट्या त्या रबरावर टेकतात, म्हणून धातूवर धातू वाजत नाही. नव्यात ते नव्हतं. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता, फक्त आवाज अडवणारी गोष्ट गेली होती. तुमचं जुनं स्प्रॉकेट टाकलं नसेल तर शोधून बघा. झाकण उघडलंच आहे तर आतला ग्रीस-मातीचा थर खरवडून काढा आणि लॉक प्लेट किंवा नट घट्ट आहे याची खात्री करा. स्विंगआर्मवरची रबरी पट्टीही बघा. ती झिजून चेन धातूवर घासली तर आवाज येतो आणि स्विंगआर्मही कापला जातो.

चेन जुळवताना एक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा आणि स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, मागून चेनच्या रेषेत बघा: ती स्प्रॉकेटमध्ये सरळ शिरली पाहिजे. नट आवळल्यावर झोल पुन्हा मोजा, कारण आवळताना तो बदलतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर आणखी एक गोष्ट. चेन ओढायला चाक मागे घेतलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो, ब्रेक किंचित लागून राहतो, ड्रम तापतो आणि घरघरतो. तुमच्याकडे दोनदा ओढाओढ झालीय, तेव्हा हे तपासाच.

चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करा. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबराची बारीक कडी असलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका. तेल आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला टेकते तिकडून सोडा, जमल्यास गाडी चालवून आल्यावर. इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि हातात फडकं, असं कधीही करू नका. फडकं ओढलं जातं आणि बोटं त्याच्यामागे जातात.

एवढ्यानेही घरघर राहिली तर गिअरबॉक्स खोलण्याआधी चेन काढून गाडी न्यूट्रलला ठेवा. पुढचं स्प्रॉकेट हाताने फिरवा, मग वर-खाली हलवा. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) स्प्रॉकेट जरासं सैल असतं, ते चालतं. पण शाफ्टच हलत असेल, फिरवताना दाणेदार खरखर बोटांना लागत असेल किंवा शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपत असेल, तर मेकॅनिक बरोबर म्हणतोय. मग इंजिन उतरवू द्या.