टाचेमागच्या दुखऱ्या टेंडनसाठी पीआरपी इंजेक्शन घ्यावं का?

घाई नको. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढून, यंत्रात गरगर फिरवून, प्लेटलेट (रक्त गोठवणारे कण) जास्त असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवभाग, वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. प्लेटलेटमधली वाढीची द्रव्यं टेंडन भरून यायला मदत करतील, हा त्यामागचा तर्क. तर्क छान आहे, पुरावा मात्र तोकडा. टाचेच्या याच दुखण्यावर २०१० मध्ये ५४ आणि २०२१ मध्ये २४० रुग्णांवर चाचण्या झाल्या. पहिलीत तुलनेला मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन होतं, दुसरीत नुसती सुई टोचली होती. दोन्हींत सहा महिन्यांनी पीआरपीवाले काही वेगळे निघाले नाहीत. टेनिस एल्बोमध्येही (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या टेंडनचं दुखणं) निकाल उलटसुलट आहेत. आणि लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) पूर्ण तुटलं असेल तर इंजेक्शनने ते जोडलं जात नाही, हे वेगळं सांगायला नको.

आधी भार वाढवत नेणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून निदान तीन महिने नेटाने करा. कंटाळवाणे असतात, मान्य! तरीही पीआरपी घ्यायचंच ठरलं, तर सुई सोनोग्राफीत बघून टोचणार का ते विचारा. नंतर काही दिवस दुखणं वाढू शकतं. तेव्हा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्या प्लेटलेटच्याच कामात अडथळा आणतात.