विहीर नासली कधी, ते आधी ठरवा

प्रश्न : कोकणात औद्योगिक वसाहतीला लागून आमची दीड एकर जमीन आणि विहीर आहे. जून 2022 मध्ये विहिरीचे पाणी तांबडे झाले. तेव्हापासून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्जांवर अर्ज दिले. अधिकारी येतात, नमुना नेतात, कंपनीला नोटीस निघते आणि पुढे काही होत नाही. अधिकारी यायच्या आदल्या दिवशीच कंपनीला फोन जातो, असे गावात बोलतात. तालुक्याच्या कोर्टात मनाईचा दावा लावावा का? त्या वेळच्या पाण्याची बाटली जपून ठेवली आहे.

उत्तर : दर पावसाळ्यात मला अशी पत्रे येतात. गाव बदलते, पाण्याचा रंग बदलतो, बाकी मजकूर तोच. संमतीपत्र म्हणजे काय, क्षेत्र अधिकारी कोण, हे एवढ्या खेपांनंतर तुम्हाला मंडळाच्या कारकुनाइतके पाठ झाले असेल, त्यामुळे ते सोडून देतो.

तालुक्याच्या कोर्टात जाऊ नका. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीचे खास न्यायालय. त्याच्या 2010 च्या कायद्यातील कलम 29 ने लवादाच्या कक्षेतले असे दावे दिवाणी कोर्टाकडून काढून घेतले आहेत. दावा दाखल करून घेतलाच, तरी दोन-तीन वर्षांनी ‘या कोर्टाला अधिकार नाही’ असे उत्तर मिळेल आणि तोवर तुमची खरी मुदत उलटून गेलेली असेल. तुमचे ठिकाण लवादाचे पुण्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ.

तुमचे सगळे प्रकरण मुदतीवर उभे आहे. लवाद कायद्याच्या कलम 14 खाली ‘हे थांबवा’ म्हणून अर्ज करायला सहा महिने मिळतात. सबळ कारण दाखवले तर आणखी 60 दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. ही मुदत दाव्याचे कारण ‘प्रथम’ घडले तेव्हापासून मोजतात, आणि मंडळाकडे अर्ज देत राहिल्याने ती थांबत नाही. पोचपावत्यांची फाईल जाड झाली म्हणजे प्रकरण पुढे सरकले, या समजुतीत तुमची ही मुदत केव्हाच गेली. त्या वेळी एखाद्या वकिलाला नुसते विचारले असते तरी चालले असते.

राहिले कलम 15. नुकसानभरपाई, मालमत्ता आणि पर्यावरण पूर्ववत करून देणे, हे त्याखाली मागता येते. म्हणजे विहीर आणि जमीन स्वच्छ करून द्या, हेही त्यात बसते. इथे पाच वर्षे आहेत. जून 2022 धरला तर जून 2027.

धरला तर, असे म्हणतो, कारण तुम्ही पाठवलेली पहिल्या अर्जाची प्रत मी वाचली. सुरुवातीलाच लिहिले आहे : ‘गेली दहा वर्षे आम्ही हा त्रास सोसत आहोत.’ गाऱ्हाण्याला वजन यावे म्हणून प्रत्येक जण असेच लिहितो, आणि कंपनीचा वकील पहिली लाल रेघ तिथेच मारतो. दहा वर्षांचा त्रास म्हणजे कारण 2012 सालचे, म्हणजे पाच वर्षे कधीच संपली. एका वाक्यात तुम्ही स्वतःच स्वतःचा दावा मुदतबाह्य करून ठेवला आहे.

ते वाक्य आता खोडता येणार नाही, खोडूही नका. खुलासा करा. तुमच्याच पत्रावरून दिसते की दहा वर्षे होता तो नाल्याचा वास. विहीर नासली ती 2022 मध्ये. हे दोन वेगळे त्रास आहेत आणि भरपाई तुम्ही त्यातल्या दुसऱ्या त्रासाची, म्हणजे विहिरीची मागताय. प्रतिज्ञापत्रात दोन्ही स्पष्ट लिहा. मात्र तारीख बनवू नका; विहीर खरोखर 2019 लाच बिघडली असेल तर माझे हे सारे उत्तर बदलते.

तारीख सिद्ध होते ती कागदावर. सातबाऱ्यावरची पीकपाहणी काढा. 2021 च्या रब्बीत वाल किंवा कलिंगड आणि पुढे पड अशी नोंद असेल, तर तिच्याइतका चांगला साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. शेजारच्या सार्वजनिक विहिरीचे नमुने जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यावर नजर ठेवणारा माणूस, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर नेतो. ग्रामपंचायतीकडून ते जुने अहवाल मिळवा. टँकरच्या पावत्या आणि जनावरांच्या डॉक्टरांचे कागदही जोडा, कारण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पिके, बागा आणि दुभती जनावरे यांचे नुकसान स्पष्टपणे धरले आहे.

बाटलीचे नाव काढू नका. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या रासायनिक घाणीचे एक माप, तपासायचा तर नमुन्यात आम्ल घालून, तो थंड ठेवून ठरलेल्या दिवसांत प्रयोगशाळेत द्यावा लागतो. फडताळात एवढी वर्षे राहिलेल्या पाण्यातून काहीच सिद्ध होत नाही. आज पुन्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्या, आणि नमुना त्यांच्या माणसालाच घेऊ द्या.

फोनबद्दल. जल कायदा, 1974 च्या कलम 21 प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्यावीच लागते, पण ती जागेवर, त्याच क्षणी. आदल्या दिवशीची वर्दी कायद्यात नाही. नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून त्यावर अधिकारी आणि कारखानदार या दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही तर सांडपाण्याचा तो अहवाल पुराव्यात चालत नाही. ‘नमुना नेला’ यावर म्हणूनच खूश होऊ नका. सह्या कुणाच्या आहेत ते बघा. विहिरीच्या पाण्याला ही अट नाही, आणि लवादही पुरावा कायद्याला बांधील नाही. त्यामुळे विहिरीचा अहवाल तिथे उपयोगी पडेल. कितपत, ते खंडपीठावर.

मंडळाकडे पुढचा अर्ज देण्याऐवजी तिथे जाऊन नोंदवही मागा. जल कायद्याच्या कलम 25(6) नुसार संमतीच्या, म्हणजे मंडळाने कारखान्याला दिलेल्या परवानगीच्या, अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि बाधित माणसाला ती कामाच्या वेळेत पाहता येते. हे कलम मागणारा माणूस फारसा येत नसल्याने टेबलावरचे लोक थोडे गोंधळतील, गोंधळू द्या. जेव्हीएसचे (मंडळाच्या संयुक्त दक्षता नमुन्यांचे) अहवाल, जल कायद्याच्या कलम 33अ खालच्या, म्हणजे कारखान्याला आदेश देण्याच्या, नोटिसा आणि अटी पाळण्यासाठी कंपनीने दिलेली बँक हमी जप्त झाली असल्यास तो आदेश, हे माहितीच्या अधिकारात मागा. नोटीस निघून पुढे काहीच झाले नाही, हे तुम्ही सांगण्यापेक्षा मंडळाच्या कागदातून दिसलेले बरे.

यंदा पावसाच्या आडून कंपनीने पुन्हा सांडपाणी सोडले, तर त्याच दिवशी पंचनामा करून घ्या. सतत चालू असलेला त्रास आणि नव्याने घडलेली घटना यात फरक करता येतो, आणि नव्या घटनेला कलम 14 चे सहा महिने पुन्हा मिळू शकतात. यावर वाद होईल, खात्री देत नाही. लवाद स्वतःहूनही दखल घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रकरणात मान्य केले. पण त्या आशेवर मुदत घालवू नका. फौजदारीसाठी मंडळाला आधी 60 दिवसांची नोटीस लागते. शिवाय 2024 मध्ये संसदेने शिक्षेची कलमे बरीच बदलली आहेत आणि ते बदल राज्याने स्वीकारले तरच लागू होतात, तेव्हा तो मार्ग सध्या बाजूला ठेवा.

वेळेबद्दल भ्रमात राहू नका. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रसायनाने नासल्या, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. प्रदूषण करील त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व आज सगळे वकील तिथूनच सांगतात. त्या खर्चाच्या रकमेवर मात्र कंपन्या 2011 पर्यंत अर्जांमागून अर्ज करत राहिल्या, आणि शेवटी न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश दिला. जून 2027 ची वाट न पाहता या दिवाळीच्या आत अर्ज दाखल करा.

फीचेही लक्षात ठेवा. भरपाई मागितली की मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान 1,000 रुपये. गावात कुणी ‘एक कोटी लिहा’ म्हणाले, तर लाखभर रुपये आधी तुम्हाला भरावे लागतील. पावत्यांनी जेवढे सिद्ध होते तेवढेच मागा.