भाडेपट्ट्यातील ‘डिमाइज’ म्हणजे निधन नव्हे

आपल्या इमारतीच्या जमिनीच्या जुन्या इंग्रजी भाडेपट्ट्यात ‘डिमाइज’ हे क्रियापद आहे, तर पट्टा देणाऱ्याच्या निधनानंतर जमीन आपल्या इमारतीच्या संस्थेची होते का, असे आपण विचारले आहे. तसे होत नाही. त्या वाक्यात मृत्यूचा उल्लेखच नाही.

हा शब्द ‘सोडून देणे’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला. इंग्रजी कायद्यात त्याचा आरंभीचा अर्थ मृत्युपत्राने किंवा पट्ट्याने मिळकतीतील हक्क दुसऱ्याला देणे हा होता. राजाच्या निधनाने राजपद वारसाकडे जाते, म्हणून त्या हस्तांतरणालाही तोच शब्द लागू झाला, आणि सामान्य माणसाचे निधन हा अर्थ त्यातून अठराव्या शतकात रूढ झाला. आपल्या दस्तात मात्र मालकी स्वतःकडे ठेवून ठरावीक मुदतीसाठी ताबा व उपभोग देणे, एवढाच अर्थ घ्यावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०५ भाडेपट्ट्याची व्याख्या अशाच आशयाने करते. जहाज ताब्यासह आणि पूर्ण नियंत्रणासह भाड्याने घेणाऱ्यालाही २०१७ च्या आपल्या सागरी दाव्यांच्या कायद्यात ‘डिमाइज चार्टरर’ म्हटले आहे.

या शब्दाच्या गैरसमजामुळे आम्हाला सर्वांत महाग पडले ते एक कार्यालय. तेथे ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ (पट्ट्याने दिलेली मिळकत) म्हणजे मयताची मिळकत असे ठरवून मृत्यू दाखला आणि वारस दाखला मागण्यात आला, वास्तविक पट्टा देणारी एक विश्वस्त संस्था होती. पट्ट्याची मुदत आणि वार्षिक भाडे त्याच परिच्छेदात लिहिलेले असूनही ते कोणी वाचले नाही, आणि हरकत तोंडीच राहिल्याने तिला उत्तर देण्याची सोयही नव्हती. प्रत्येक हरकत लेखी मागावी, असे माझे ठाम मत त्यातूनच झाले. ती लेखी मिळाल्यावर आमच्या वकिलांच्या एका पत्राने प्रश्न सुटला.

मी वकील नाही, त्यामुळे आपला दस्त जाणकाराला अवश्य दाखवावा. पुसट छायाप्रतीवर विसंबू नये, प्रमाणित प्रत काढावी, कारण ‘डिव्हाइज’ हे मृत्युपत्राने स्थावर मिळकत देण्याचे वेगळे क्रियापद दिसायला अगदी जवळचे आहे. पट्टा देणारी व्यक्ती वारली तरी मुदतीचा पट्टा सहसा चालू राहतो आणि तिचे हक्क वारसांकडे जातात. म्हणून ‘टू हॅव अँड टू होल्ड’ या शब्दांपुढे लिहिलेली मुदत आणि नूतनीकरणाची अट आपण आधी वाचावी.