निवडायचे तांदूळ, उचलायचे खडे

विट्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आलाय. दहावीला शास्त्रज्ञ डार्विनची ‘नैसर्गिक निवड’, म्हणजे परिस्थितीशी जुळणारे जीव तगतात आणि वाढतात हे, शिकवताना एका मुलानं त्यांना विचारलं, "बाई, निवड करतं कोण? निसर्ग म्हणजे कोण?" त्यांना काही धड सांगता आलं नाही. म्हणून त्या विचारतात, हा शब्दच चुकलाय का? त्याऐवजी ‘निसर्गाची चाळणी’ म्हटलं तर चालेल का? निवडणुकीतली निवड ती हीच का? आणि फळ्यावर त्या ‘बळी तो कान पिळी’ असं लिहितात, ते तरी बरोबर आहे ना?

शब्द चुकलेला नाही. माझ्या मते तर तो मूळ इंग्रजी शब्दापेक्षा सरस आहे. अडचण एवढीच की आपण तो कचेरीतल्या अर्थानं वाचतो आणि तो आहे स्वयंपाकघरातला.

मी सात-आठ वर्षांचा असेन. तासगावच्या घरी आत्यानं ताटात तांदूळ ओतले आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "एवढं निवड." मी मांडी घालून बसलो आणि एकेक अख्खा, पांढराशुभ्र दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायला लागलो. बराच वेळ झाला तरी वाटीचा तळसुद्धा झाकला नव्हता. आत्या चुलीपुढून उठून आली, बघितलं आणि कपाळाला हात लावून हसत सुटली. "आरं खुळ्या, तांदूळ काय उचलतुयास? खडं उचल की! ऱ्हायलं त्ये तांदूळच हाईत."

आता हे व्याकरणाच्या अंगानं बघा. ‘मी तांदूळ निवडले’ या वाक्यात कर्म तांदूळ आहे, पण हात तांदळाला लागतच नाही. हात लागतो खड्याला. ‘मी खडे निवडले’ असं आपण सहसा म्हणत नाही, खडे वेचतो. खडे वेचले की तांदूळ निवडले जातात. वेचण्यात जे हाती येतं तेच कर्म असतं, मग ती फुलं असोत, कापूस असो की भुईमुगाच्या शेंगा. निवडण्यात तसं नसतं. नको ते बाजूला गेलं की जे ताटात उरतं, ती निवड. मेथीची जुडी निवडताना हात उलटा चालतो हे खरं. पानं खुडून घ्यायची आणि काड्या टाकायच्या. म्हणजे या एका क्रियापदाला दोन्ही हात आहेत, घेणारा आणि टाकणारा. तुमच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात मेथीची निवड आहे. डार्विनला हवी होती तांदळाची.

शब्दाचं मूळही याच बाजूला कौल देतं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘णिव्वड’ हा धातू वेगळं होणं, स्पष्ट होणं या अर्थानं दिलेला आहे. आपलं निवडणे त्याच घराण्यातलं. करणं नाही, होणं. कुणी वेगळं करतंय असं त्यात नाही. वेगळं होतंय, एवढंच. कर्ता नंतर येऊन बसला. निवाडा हाही घरचाच. खरं एकीकडं आणि खोटं एकीकडं झालं की निवाडा झाला. १९४०च्या दशकात साताऱ्याच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावोगाव निवाडे करत होती तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही साताऱ्यातच मोडत होता. ते जाऊ दे, विषय निसटेल.

तुमच्या विद्यार्थ्याची शंका खुद्द डार्विनच्या वाट्याला आली होती, हे त्याला जरूर सांगा. ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ १८५९ साली आला आणि लगेच लोक म्हणू लागले की ‘सिलेक्शन’ म्हटलं म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून निवडणारा आला. १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीत डार्विननं कबूल केलं की शब्दशः घेतला तर हा शब्द चुकीचाच आहे. पण रसायनशास्त्रज्ञ नाही का म्हणत, अमुक आम्ल तमुक पदार्थाची निवड करतं म्हणून? तसंच हे समजा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आदल्या वर्षी भूशास्त्रज्ञ लायेल यांना लिहिलेल्या पत्रात तर तो म्हणतो की नव्यानं सुरुवात करायची असती तर मी ‘नैसर्गिक जतन’ असा शब्द वापरला असता. जतन म्हणजे आपल्याकडचं राखणं. बियाणं राखतात, वळू राखतात, तसं.

वळूवरून आठवलं. डार्विननं ग्रंथाची सुरुवात निसर्गापासून केलेलीच नाही. पहिल्या प्रकरणात माणसं पाळीव जनावरांची पैदास कशी करतात ते आहे. तो स्वतः कबुतरं पाळायचा. तो आटपाडी तालुक्यात जन्मला असता तर खिलार बैलांवर लिहिता आणि दर यात्रेला खरसुंडीच्या बाजारात दिसता. तिथं खोंड बघणारा माणूस ‘निवड’ हा शब्द सहसा तोंडात घेत नाही. तो पारख करतो. दात बघतो, शिंगांची ठेवण बघतो, खूर बघतो, भोवरा कुठं आहे ते बघतो, चार पावलं चालवून बघतो. पण खिलारची जात घडली ती नुसत्या पसंतीनं नाही. चांगला एक वळू म्हणून राखला आणि बाकीचे खच्ची करून औताला जुंपले, म्हणून घडली. ज्यांची वीण थांबवली तेही त्या निवडीचेच वाटेकरी. जत भागातल्या माडग्याळ मेंढीचं पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक असंच पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं आहे.

इथं राखणारा माणूस आहे, कर्ता आहे. प्रश्न येतो कर्ता नसतो तेव्हा.

म्हणून चाळणीकडं वळतो. वाईट नाही तो शब्द. स्पर्धा परीक्षेवाल्यांची ‘चाळणी परीक्षा’ त्यातूनच आली. पण चाळणीची भोकं ठरलेली असतात. निसर्गात ती दरसाल बदलतात. एका साली पाऊस धो धो, पुढच्या साली आभाळाकडं बघत बसायचं. मला विचाराल तर चाळण्यापेक्षा उफणणं जवळचं आहे. यंत्रं येण्याआधी खळ्यावर काय चालायचं? गडी वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभा राहायचा, खालून बाई त्याच्या हातात पाटी द्यायची, तो ती डोक्याच्या वर धरून हळूहळू रिती करायचा. भरला दाणा पायाशी पडायचा, पोचट दाणा जरा पुढं, भुसा लांब. वाऱ्याला डोळे नसतात. त्याला ज्वारी काय नि भुसा काय. दाण्यादाण्याच्या वजनात फरक मुळातच आहे आणि वारा वाहतोय, एवढ्यावर काम होतं. वारं पडलं तर सगळं एकाच ढिगात. वावटळ आली तर चांगला दाणाही बांधापलीकडं.

मात्र मुलांना इथंच थांबवू नका. नुसतं उफणून उत्क्रांती होत नाही. पायाशी पडलेला दाणा पुढच्या वर्षी पुन्हा पेरला गेला पाहिजे आणि त्याचा गुण त्याच्या कणसात उतरला पाहिजे. जगून राहणं, वीण होणं, गुण उतरणं ही तिन्ही हवीत.

याचं एक झकास उदाहरण रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव यांच्या नावानं प्रसिद्ध आहे. जवसाच्या शेतात मोहरीच्या कुळातलं एक तण उगवायचं. शेतकरी मळणी करून धान्य वाऱ्यावर द्यायचे तेव्हा तणाचं हलकं बी उडून जायचं. पण तणातल्या एखाद्या झाडाचं बी योगायोगानं जवसाइतकंच उडणारं असलं, तर ते जवसाबरोबर पोत्यात जायचं आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्याच हातानं पेरलं जायचं. शेकडो वर्षं हेच चाललं. शेवटी त्या तणाचं बी असं झालं की वाऱ्यावर ते जवसापासून वेगळं निघेना. आता तुमच्या त्या मुलाला विचारा, या तणाची निवड कुणी केली? शेतकऱ्यानं? तो तर बिचारा ते उडवून लावायला बसला होता! निवड कुणी केली नाही. निवड झाली.

हेच ‘झाली’ तुम्ही वर्गात वापरा. ‘निसर्ग निवड करतो’ असं वाक्य फळ्यावर आलं की कर्ता आला, आणि कर्ता आला की पोरं त्याचा पत्ता विचारणारच. ‘नैसर्गिक निवड होते’ म्हणा.

‘बळी तो कान पिळी’ मात्र पुसून टाका. ती म्हण गावगाड्यातल्या दांडगाईवर आहे, जीवशास्त्रावर नाही. ज्या ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ या इंग्रजी वचनासाठी तुम्ही ती वापरता ते मुळात डार्विनचं नव्हेच. इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरनं ते १८६४ साली वापरलं. ‘निवड’ शब्दानं होणारा घोळ टाळण्यासाठी ते घ्या, असं निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनं १८६६ साली डार्विनला सुचवलं आणि १८६९च्या पाचव्या आवृत्तीत त्यानं ते घेतलं. एक घोळ मिटवायला गेले आणि दुसरा पदरात पडला, कारण पुढं लोकांनी त्याचाच आधार घेऊन गरीब हे गरीबच राहायच्या लायकीचे, असं म्हणायला सुरुवात केली.

सगळी गडबड ‘फिट’ या शब्दाची. मराठीत तो दोन वाटांनी आलाय. व्यायामशाळेतला फिट म्हणजे धडधाकट. डब्याचं झाकण फिट्ट बसतं, तो दुसरा. डार्विनचा हा झाकणाचा. साताऱ्याहून कासच्या पठारावर सहल नेलीत तर दाखवा. तिथं जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, पावसाळाभर पाणथळ, नत्राचा तुटवडा. त्यात दवबिंदू नावाची बोटभर वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरते आणि नत्राची उणीव भरून काढते. ती कुणाचा कान पिळते? तीच उचलून कृष्णाकाठच्या काळ्याभोर रानात लावा, ऊस आणि हरळी तिला दिसूसुद्धा देणार नाहीत. ती ‘बळी’ म्हणजे बलवान नाही, ती कासला फिट्ट बसलेली आहे. जत-आटपाडी-माणकडच्या माणसांच्या तोंडी यासाठी अचूक क्रियापद आहे, तगणे. ‘यंदा पीक तगलं’, ‘छावणीत जनावरं तगली’. तगण्यात कुणाला हरवणं नसतं. मी ‘जुळेल ते तगेल’ असं लिहीन. ‘सर्वोत्तम तोच टिकतो’ तर नकोच नको; सर्वोत्तम कशात, ते सांगितलेलंच नाही.

राहिली निवडणूक. शब्द तोच, करमणूक, वागणूक, फसवणूक यांना लागलेलं ‘-णूक’ त्यालाही लागलंय. गुजराती मंडळी ‘चूंटणी’ म्हणतात, तीही खुडण्यावरूनच. पण इथं निवड मेथीची आहे. एकाला घ्यायचं, बाकीचे राहतात. म्हणून माणसांच्या निवडीला डावलणे हा शब्द कायम चिकटलेला असतो, मग ती सरपंचपदाची निवड असो नाहीतर जिल्ह्याच्या कबड्डी संघाची. दुष्काळानं अमक्याला डावललं असं कुणी म्हणत नाही. २०१३ साली मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "म्हंजी सगळंच खडं, आसंच की!" तरीही उमेदवार ‘निवडून येतो’ म्हणताना आपण तो ‘येतो’ म्हणतो, आणला म्हणत नाही. तिथं ते जुनं होणं अजून शिल्लक आहे बहुधा.

मुलाला शंका आली याचं मला मात्र नवल वाटत नाही. दुकानातला तांदूळ आता सॉर्टेक्स होऊन येतो. यंत्रातला कॅमेरा डागी दाणा आणि खडा हेरतो, हवेचा झोत त्याला उडवून लावतो, चांगला दाणा तसाच खाली पडतो. म्हणजे तिथंही हात लागतो तो खड्यालाच. पण घरात ताट घेऊन कुणी बसत नाही, मग पोरांना निवडणं म्हटलं की मतदानच आठवणार. वर्गात एकदा करून दाखवायचं असेल तर रेशनचा किलोभर तांदूळ पुरेल.