वाचकांचे प्रश्न: बागकामात करिअर, डिग्री की डोळा?

प्रश्न : काका, मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी. मला हॉर्टिकल्चर करायचंय पण बाबा म्हणतात "माळीच व्हाचं हाय त डिग्री कायले पायजे?" नागपुरातच राहून होईल का आणि पुढे नोकरी मिळते का?
— बारावीतली वाचक, मानेवाडा

उत्तर : बाबांचं वाक्य वाचून हसू आलं, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये. माळीकामाला डिग्री लागतच नाही. डिग्री लागते ती कृषी अधिकारी व्हायला, बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी व्हायला, संशोधनात जायला, नाहीतर महापालिकेच्या उद्यान विभागात वरच्या पोस्टवर बसायला, आणि या शेवटच्या जागा फारच मोजक्या असतात बरं का, त्यांच्या भरवशावर राहू नको.

आता कुठे शिकायचं ते. महाराजबागेला लागून जे कृषी महाविद्यालय आहे ना (प्राणीसंग्रहालय बघायला गेली असशीलच, ते पण याच कॉलेजकडे आहे), ते १९०६ पासूनचं आहे आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात येतं. तिथे बीएस्सी अ‍ॅग्री करता येतं, चार वर्षं, त्यात फळं-भाज्या-फुलं हे विषय असतातच, मग एमएस्सीला उद्यानविद्या घ्यायची. बीएस्सीपासूनच हॉर्टिकल्चर पाहिजे तर अकोल्याला जावं लागेल. दोन्हीकडे अ‍ॅडमिशन सीईटीवरून, म्हणून या वर्षी सीईटी सिरियसली घे. आणि एक गोंधळ बरेच जण करतात, लँडस्केप आर्किटेक्ट होणं हा वेगळा रस्ता आहे, त्याला साधारणपणे आधी बी.आर्क. लागतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तू संत्र्याच्या गावात राहतेस. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, काटोल-नरखेडकडे बागाच बागा आहेत, आणि चांगलं खात्रीचं कलम मिळवायला शेतकरी कुठून कुठून फिरतो. म्हणून सुट्टीत एखाद्या नर्सरीत जाऊन डोळा भरायला शिक, म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरची कळी काढून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायची. जंभेरीचं (मुळासाठी वापरतात ते लिंबाच्या जातीचं झाड) रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि तो जमिनीपासून वीतभर तरी वर पाहिजे. खाली बांधला की पावसाळ्यात ओल्या मातीतली बुरशी सांध्याला लागते, मग डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) येतो आणि पाच-सहा वर्षं वाढवलेलं झाड हातचं जातं. पुस्तकात हे दोन ओळींत असतं पण हाताला यायला सीझन जातो. डिग्रीवाल्या मुलांना डोळा भरता येत नाही आणि नर्सरीतल्या माणसाला डिंक्या का होतो ते सांगता येत नाही, तुला दोन्ही आलं तर बाबा पण गप्प बसतील असं मला वाटतं.

तसंच अंबिया आणि मृग बहाराचं, म्हणजे संत्र्याला फूल येण्याच्या दोन हंगामांचं. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फूल येतं, अंबियाचं जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृगाचं पावसाळा लागताना. ताण किती द्यायचा हे जमिनीच्या प्रकारावर असतं, काळी भारी जमीन ओल धरून ठेवते त्यामुळे तिथे लवकर ताण बसत नाही. हे बागायतदाराच्या बांधावरच कळतं.

प्रश्न : माझी गच्चीवरची बाग बघून कॉलनीतले लोक त्यांची पण करून द्या म्हणतात. वय ४१, घरून काम चालू करावं का? कोर्स लागेल का?
— एक गृहिणी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : करा ताई, बिनधास्त. कोर्स हवाच असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे उद्यानविद्येचे अभ्यासक्रम बघा, घर सांभाळून होतात. पण पैसे ठरवताना सांभाळा. बाग लावून देणं सोपं असतं, लोक नोव्हेंबरात लावून घेतात, सगळं हिरवंगार, फोटो वगैरे, आणि मे महिन्यात फोन येतो की झाडं गेली. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे ४७.९ पर्यंत पारा गेला होता, कुंडीतली माती तर त्याहून तापते. म्हणून देखभालीचं वर्षाचं बोला, आठवड्यातून किती वेळा येणार, मेलेलं झाड कोणी बदलायचं, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे आधीच लिहून घ्या. ग्रीन नेट आणि पालापाचोळ्याचं आच्छादन याचा खर्च वेगळा लावा. झाडं बोगनवेल, कन्हेर, सदाफुली, जास्वंद अशी सांगा, पुण्यातल्या बागांचे फोटो दाखवून कोणी तसल्याच झाडांचा हट्ट करायला लागलं तर सरळ नाही म्हणा. आणि उद्या लिंबू-संत्र्याची कलमं विकायचा विचार आला तर थांबा, फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या कायद्याने कृषी विभागाचा परवाना लागतो.

प्रश्न : दहावी पास आहे, बंगल्यांवर माळीकाम करतो. सर्टिफिकेटचा काही फायदा?
— वाचक, दिघोरी

उत्तर : बंगल्यांवर काही फरक नाही पडणार, तिथे तुमचं कामच बघतात. पण कंपनी, हॉटेल, मोठी सोसायटी यांच्या कंत्राटात कागद विचारतात. सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन माळीकामाचं प्रमाणपत्र देतात, पूर्ण कोर्स करावा लागत नाही. सध्या जवळपास कुठे चालू आहे ते जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचारा, आधार आणि दहावीची मार्कशीट सोबत ठेवा.