फिजिओथेरपी झालेल्या मुलीला आता एमबीबीएस करायचंय, वडील म्हणतात एकच चान्स

नमस्कार काका,

मेल वाचला. ऐरोलीला राहता, मुलगी २५ वर्षांची, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री झालीय, दोन वर्षं घणसोलीत एका क्लिनिकमध्ये जॉब करतेय, यंदा घरी न सांगता मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा दिली, ४१२ मार्क आले, आता परत द्यायची म्हणते. तुमचे प्रश्न दोन, वय निघून गेलंय का, आणि वाशीचा एजंट 'डायरेक्ट सेकंड इयर' देतोय ते घ्यावं का. सांगते, पण त्याआधी मला काय खटकलं ते बोलते.

तुम्ही लिहिलंय, "एकच चान्स देणार, नाही लागला नंबर तर तुळशीच्या लग्नानंतर स्थळं बघायची, तिलाही हे मान्य आहे." आणि शेवटी, "मुलीला हा मेल दाखवलेला नाही." मग मान्य आहे हे कोणी सांगितलं? जी मुलगी जॉब सांभाळून फॉर्म भरते, सेंटरवर जाऊन तीन तास पेपर देते आणि घरात कोणाला पत्ता लागू देत नाही, तिनं तुमच्यासमोर वाद नको म्हणून मान हलवली असणार, त्याला होकार म्हणत नाहीत. आणि तिनं लपवलं याचा तुम्हाला राग आलाय, पण का लपवावं लागलं हा प्रश्न तुम्हाला पडलेला दिसत नाही. तिच्या आईचं काय म्हणणं आहे ते तर मेलमध्ये कुठेच नाही. स्थळं बघायची तर खुशाल बघा हो, तिची इच्छा असेल तर, पण ती रिझल्टला बांधू नका. नीटला नंबर लागला नाही म्हणून लग्न, ही काय शिक्षा आहे का? मला तर त्या येणाऱ्या मुलाचीच दया येते.

वयाचं म्हणाल तर नीटसाठीची कमाल वयाची अट २०२२ मध्येच काढलीय, किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही.

आता एजंट. "तुमची मुलगी आधीच अर्धी डॉक्टर आहे, पहिलं वर्ष माफ होईल" हे ऐकायला गोड आहे, पण आपल्याकडे एमबीबीएसला मधूनच एन्ट्री कोणालाच नाही, बीपीटी असो की बीएएमएस. बाहेरच्या देशात पाठवायचं तरी नॅशनल मेडिकल कमिशनचा २०२१ चा नियम आहे, कमीत कमी ५४ महिन्यांचा कोर्स, तोही इंग्रजीतून आणि एकाच कॉलेजात, वर १२ महिन्यांची इंटर्नशिपही तिथेच. एक वर्ष उडवलं की हे ५४ महिने कुठून भरणार? मग सहा वर्षांनी इकडे येऊन रजिस्ट्रेशनलाच अडकायचं, स्क्रीनिंग परीक्षा तर लांबच राहिली. टोकन म्हणून दिलेले ५० हजार परत मागा, लेखी मागा, आणि पीएफला हात लावू नका. नेरुळ-कामोठ्याच्या डीम्ड कॉलेजांचाही विचार सोडा, वर्षाला वीस लाखांच्या वर फी तुमच्या पगारात बसत नाही.

आणि हे अर्धी डॉक्टर प्रकरण नीटमध्येही चालत नाही बरं का. ती ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्यातलं नसांचं जाळं, झोपेतून उठवलं तरी काढून दाखवेल, पण पेपरात विचारतात फुलाचं एस्टिव्हेशन, म्हणजे कळीतल्या पाकळ्यांची मांडणी, कुठलं. सगळं अकरावी-बारावीचं एनसीईआरटी. तिचे मार्क बघा, बायोला २४७, केमिस्ट्रीला १०७, फिजिक्सला १८० पैकी ५८. बारावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलंच नसणार, मग काय होणार. ओपनमधून ४१२ वर सरकारी सीट लागत नाही, पण नोकरी करून, बिनक्लासचे हे मार्क मला वाईट वाटत नाहीत. फुल रिपीटर बॅचला लाखभर घालू नका, ठाण्यात फक्त फिजिक्सचा क्लास लावा, ऐरोलीहून ट्रेननं दहा मिनिटं, आणि क्लिनिक अर्धा दिवस करता येतंय का ते तिला विचारू दे. माझ्या मते दोन अटेम्प्ट तरी द्यायला हवेत.

पण हे सगळं तिला खरंच डॉक्टर व्हायचं असेल तर. १८ हजारांवर दिवसभर पेशंटना मशीन लावून देऊन ती कंटाळली असेल आणि फक्त तिथून सुटायचं असेल तर साडेपाच वर्षांचं एमबीबीएस हा त्यावरचा इलाज नाही, दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलंच मास्टर्स, करून चांगल्या हॉस्पिटलात जाता येतं. यातलं नक्की काय आहे ते तुमच्या मेलवरून मला कळणार नाही, तुम्हालाही माहीत नाहीये. तिला स्वतःला मला फोन करायला सांगा. आणि काका, तुम्ही शेजारी बसून स्पीकरवर ऐकायचं नाही.