मोर्चा हलत नसतो

पहिल्या महायुद्धावर लिहिताना फ्रान्स-बेल्जियममधल्या युद्धरेषेला ‘पश्चिमी मोर्चा’ म्हणावे की ‘पश्चिम आघाडी’, आणि युद्धबंदी, शस्त्रसंधी, तह हे तिन्ही एकच का, असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत.

आधी ते ‘पश्चिमी’ खोडा. भूगोलातले पश्चिमी वारे सोडले, तर मराठीत घाटही पश्चिम आणि रेल्वेही पश्चिम. हिंदी मजकूर समोर ठेवून घाईने केलेल्या भाषांतरातून ‘पश्चिमी मोर्चा’ आपल्याकडे आला. मराठीत रूढ शब्द पश्चिम आघाडी हाच आहे. पण म्हणून मोर्चा हा शब्द हिंदीचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मुळीच मान्य नाही.

त्याहून जास्त चीड येते ती एका व्युत्पत्तीची. ‘मोर्चा’ हा इंग्रजी ‘मार्च’चा अपभ्रंश, असे मी व्याख्यानांत ऐकले आहे, तेही भाषेचे जाणकार म्हणवणाऱ्यांच्या तोंडून. ऐकायला जुळते, म्हणून कोणी तपासत नाही. अहो, मग ‘मोर्चेबांधणी’ कुठून आली? चालत्या मिरवणुकीला कोणी बांधतो का? ‘त्यांनी आपला मोर्चा माझ्याकडे वळवला’ यात काय वळते? तोफेचे तोंड वळते. बखरींत पानोपानी ‘मोर्चे लावले’, ‘मोर्चे बसविले’ असे येते, आणि त्या मराठीवर इंग्रजीची फारशी छाप नव्हती. किल्ल्याला वेढा घालणारे सैन्य तटासमोर माती उपसून आडोसा करी आणि त्याआड तोफा बसवी. ती जागा म्हणजे मोर्चा. मोर्चा हलत नाही, ठाण मांडून बसतो. कलेक्टर कचेरीवर आपण मोर्चा नेतो, त्यातही मला कचेरीला घातलेला वेढा हा अर्थ आधीचा वाटतो, चालत जाण्याचा नंतरचा.

शब्द फारसी आहे: मूरचाल. आता खरी गंमत. फारसीत ‘मूर’ म्हणजे मुंगी आणि ‘चाल’ म्हणजे खड्डा. मूरचाल म्हणजे मुंग्यांनी पोखरलेले बीळ! जमिनीत शिरून, मातीचे कण बाहेर टाकत, ओळीने पुढे सरकणाऱ्या सैनिकांना याहून नेमके नाव कोणते द्याल? त्याच मुंगीवरून झालेला ‘मूरचा’ म्हणजे छोटी मुंगी, आणि लोखंडावर चढणारा गंजही, बहुधा तोही कण कण खातो म्हणून. संस्कृतातली ‘वम्री’, म्हणजे मुंगी, या मूरची सख्खी बहीण. वाल्मीकींच्या नावातले वल्मीक, म्हणजे वारूळ, त्याच कुळातले असावे असे मला वाटते. ग्रीकांची मुंगी ‘मिर्मेक्स’, तीही याच घरातली. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस, त्याचे लढवय्ये मिर्मिडॉन मुंग्यांपासून जन्मले अशी ग्रीक कथा आहे. सैनिक आणि मुंगी यांची सांगड इतकी जुनी आहे.

काही अभ्यासक या मुंगीला लोकव्युत्पत्ती म्हणून झटकतात. मूरचाल हा पूर्वीपासून लष्करी शब्द होता, त्यात मुंगी नंतर शोधली, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मग ‘मूर’ आणि ‘चाल’ हे दोन्ही भाग एकत्र कसे आले ते सांगावे. पर्यायी उलगडा न देता नुसते नाही म्हणणे हे काही संशोधन नव्हे.

ही मुंगी हाताशी असली की 1914 चे युद्ध निराळेच दिसते. माझे मत असे, की आघाडी आणि मोर्चा हे दोन्ही शब्द वापरावेत, पण काळ पाहून. आघाडी म्हणजे सैन्याचे पुढचे टोक. तिच्या मागे पिछाडी असते आणि ती चालते. इंग्रजी ‘फ्रंट’च्या मुळाशी कपाळ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तेव्हा आघाडी त्याला चपखल बसते. 28 जून 1914 ला साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला. महिन्याभराने, 28 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. मग रशिया, जर्मनी, फ्रान्स एकेक करून उतरले. 4 ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ब्रिटनही ओढला गेला. सुमारे सहा आठवड्यांत फ्रान्सचा निकाल लावायचा अशी जर्मनीची आखणी होती. तोवर ती आघाडीच होती, रोज नकाशावर पुढे जाणारी.

सप्टेंबरात मार्न नदीवर ती अडली. जर्मन सैन्य एन नदीपर्यंत मागे हटले आणि त्याने जमीन खणायला घेतली. दोन्ही बाजू एकमेकांच्या बगलेत शिरायला उत्तरेकडे धावल्या, तो समुद्र लागला. वर्षअखेरीस उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे 700 किलोमीटर खंदकांची रांग उभी राहिली. (‘खंदक’ही फारसी खणण्यातून अरबीत जाऊन आपल्याकडे परतलेला. आपल्या ‘खणणे’चा तो नातेवाईकच. त्यावर पुन्हा कधीतरी.) इथून पुढची सुमारे सव्वातीन वर्षे तो मोर्चा होता, मूळ अर्थाने. 1 जुलै 1916 ला सोमच्या लढाईत ब्रिटिशांचे 19,240 सैनिक एका दिवसात मेले, आणि नोव्हेंबरपर्यंत लढूनही ओळ सरकली ती जेमतेम दहा-बारा किलोमीटर. 7 जून 1917 ला मेसीनच्या टेकडीखाली ब्रिटिशांनी 19 सुरुंग उडवले. त्यासाठी खाणकामगार महिनोन् महिने जमिनीखाली बोगदे पोखरत होते. ही मुंग्यांची लढाई नाही तर काय?

आणि ज्यांना मोर्चा हा शब्द परका वाटतो त्यांनी कुत अल-अमारा आठवावे. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, त्या गावात सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, घोडे खाण्याची वेळ आली, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती पत्करावी लागली. तिथल्या मराठा शिपायाला समोरच्या तुर्की खंदकांना मोर्चे म्हणायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

21 मार्च 1918 ला जर्मनांनी मोठा हल्ला चढवला आणि ओळ फुटली. 8 ऑगस्टला फ्रान्समधल्या आमियांपाशी दोस्त राष्ट्रांनी, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने, रणगाडे घेऊन उलट मुसंडी मारली. त्यानंतर जर्मन मागे सरकत राहिले ते शेवटपर्यंत. इथून पुन्हा आघाडी लिहा.

आता दुसरा प्रश्न. युद्धबंदी म्हणजे मराठीत लढाई बंद होणे. कैद्यांना ‘युद्धबंदी’ म्हणणे हिंदीत ठीक आहे, मराठीत ते युद्धकैदी. ‘युद्धबंदींची अदलाबदल’ असा मथळा मी वाचतो तेव्हा बातमी कशाची आहे हे कळायला दुसरी ओळ गाठावी लागते. शस्त्रसंधी म्हणजे हत्यारे थांबवण्याचा दोन्ही बाजूंनी केलेला करार. 11 नोव्हेंबर 1918 ला पहाटे फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात, दोस्तांचे सरसेनापती मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात सही झाली ती याचीच. ती सकाळी 11 ला लागू झाली, मुदत होती 36 दिवसांची आणि पुढे ती तीनदा वाढवावी लागली. त्या दिवशी ‘तह झाला’ असे लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पूर्व आफ्रिकेत तर जर्मन सेनापती लेटो-फोरबेक 25 नोव्हेंबरपर्यंत शरण आला नव्हता. तह म्हणजे युद्ध कायमचे मिटवणारा करार. जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह 28 जून 1919 चा, साराजेव्होच्या हत्येला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशीचा, आणि अमलात आला 10 जानेवारी 1920 ला. तुर्कस्तानशी 1920 मध्ये सेव्र येथे केलेला तह मंजूरच झाला नाही. तिथला टिकलेला तह लोझानचा, 24 जुलै 1923 चा.